थर उभे आहेत

त्या उन्हाळ्यात सकाळी क्रियापदं असायची आणि ओहोटी लागली की दगड. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर, बास्क मुलखात, सुमाया नावाचं लहानसं गाव आहे. एका विद्यापीठाच्या उन्हाळी अभ्यासक्रमासाठी मी तिथे गेलो होतो. अर्धा वेळ स्पॅनिश, अर्धा वेळ भूशास्त्र. वेळापत्रक समुद्र ठरवायचा. कोकणातल्या मुलाला हे नवं वाटलं नसतं, पण मी वाईचा. आमच्या कृष्णेला पूर येतो, भरती येत नाही. ज्या घरी मी राहत होतो तिथल्या आजींनी भरती-ओहोटीच्या वेळांचा कागद फ्रिजवर लावून दिला होता आणि तो पाहिल्याशिवाय त्या मला दाराबाहेर पडू देत नसत.

त्या आजींना ‘तू’ म्हणणं मला जमेना. स्पेनमध्ये ‘तू’ला ‘तू’च म्हणतात, आणि आदरार्थी ‘उस्तेद’ वेगळं. मी उस्तेद म्हटलं की आजी हात झटकायच्या, परक्यासारखं बोलू नकोस म्हणायच्या. सत्तरीच्या बाईंना अरे-तुरे करायचं म्हणजे जिभेला गाठ पडायची. शेजारणीशी मात्र त्या बास्कमध्ये बोलत, जगातल्या कुठल्याच जिवंत भाषेशी ज्ञात नातं नसलेल्या त्या भाषेत. दगडाला स्पॅनिशमध्ये ‘पिएद्रा’, बास्कमध्ये ‘हारी’. हा दुसरा शब्द मला वर्गात नाही, त्यांच्या स्वयंपाकघरात मिळाला.

वर्गात इंग्रजी बोलणारी मुलं ‘मे गुस्ता’पाशी अडखळायची. ज्याला आवडतं तो माणूस कर्ता नाही, आवडणारी वस्तू कर्ता, हे त्यांना उलटं वाटे. मला ते घरचंच होतं. मला दगड आवडतो. क्रियापद दगडाच्या मागून चालतं, माझ्या नाही. त आणि द हेही दातांशी आपोआप लागत. आणि पगार! स्पॅनिशमध्ये ‘पागार’ म्हणजे पैसे देणं. आपला पगार पोर्तुगीज भाषेतून आला, ती स्पॅनिशची सख्खी बहीण.

पुण्यात भूशास्त्र शिकताना काही संज्ञा मी नुसत्या पाठ केल्या होत्या. इथे त्या बाजारात भेटू लागल्या. ‘काल्देरा’ म्हणजे मोठी कढई, हंडा. ‘सिएरा’ म्हणजे करवत. ‘मेसेता’ म्हणजे छोटं मेज. या भाषेतल्या माणसांनी डोंगराला आपल्या घरातल्या वस्तूंची नावं दिली आणि ती जगभरच्या पुस्तकांत गेली. आपल्याकडे कातळ आहे, मुरूम आहे, जांभा, सडा, घळ आहे. यांतला एकही शब्द मी परीक्षेत कधी लिहिला नव्हता. त्याची खंत मला तिथे पहिल्यांदा वाटली आणि ती अजून गेलेली नाही.

मग गावाच्या इत्सुरुन किनाऱ्यावरचा तो कडा. आजूबाजूचे किलोमीटरच्या किलोमीटर खडक थराथरांचे, आणि थर जवळजवळ उभे. ताटाळ्यात ताटं लावावीत तसे. चुनखडकाचे कठीण थर पुढे आलेले, मधला मऊ, मातकट मार्ल लाटांनी खाल्लेला. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलतो आणि तिची कक्षाही सावकाश फिरते, दोन्हींच्या मिळून एका फेऱ्याला वीसेक हजार वर्षं लागतात. हवामान त्या तालावर बदलतं, आणि चुनखडक-मार्लाची एकेक जोडी म्हणजे साधारण तेवढा काळ. मी एका जोडीवर एक पाय आणि पुढच्या जोडीवर दुसरा पाय ठेवून उभा राहिलो. पायांखाली हजारो वर्षांचं अंतर होतं आणि बुटात समुद्राचं पाणी.

संध्याकाळी निबंध लिहायचा होता. मी लिहिलं, थर उभे ‘सोन’. स्पॅनिश शिकवणाऱ्या बाईंनी शब्द खोडून वर लिहिलं, ‘एस्तान’. स्पॅनिशमध्ये ‘असणं’ दोन प्रकारचं: एक स्वभावाचं, एक स्थितीचं. दगड कठीण असतो. दगड ओला आहे. मराठीची ही जोडी स्पॅनिशशी सगळीकडे तंतोतंत जुळत नाही, पण दगडांच्या बाबतीत जुळली. थर उभे नसतात, थर उभे आहेत. निकोलस स्टेनोने 1669 साली हेच सांगितलं होतं: गाळ साचतो तो आडवा. हे थरही खोल समुद्राच्या तळाशी आडवेच साचले. पुढे आयबेरिया युरोपला भिडला, पिरेनीज उठला, आणि त्या रेट्यात ते उभे राहिले. तीन वर्षं शिकलेलं एका खोडलेल्या क्रियापदाने मला समजलं.

त्याच किनाऱ्यावर काही अंतरावर, ओहोटीत, आम्हाला एक पट्टा दाखवला. तिथे हातोडी चालवायला मनाई आहे, म्हणून फक्त बोट लावलं. काळपट चिकणमाती, जाडी काही सेंटिमीटर. तिच्या अलीकडच्या थरांत अमोनाइट या समुद्री जीवांचे जीवाश्म, पलीकडच्या गुलाबीसर चुनखडकात एकही नाही. वय 6 कोटी 60 लाख वर्षं. याच काळाच्या मातीत इरिडियम जास्त आहे, ते पृथ्वीवर आदळलेल्या अशनीतून आलं असणार, हे लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 मध्ये इटलीतल्या थरावरून मांडलं. त्या अशनीचा खड्डा पुढे मेक्सिकोत, युकातानमध्ये, चिकशुलुबला ओळखला गेला. रुंदी सुमारे 180 किलोमीटर. आणि त्याचा पहिला माग तिथल्या सरकारी तेल कंपनीच्या सर्वेक्षणात लागला होता.

शिक्षकांनी विचारलं, त्या सुमारास जगात आणखी कुठे काय चाललं होतं? मी हात वर केला. वाक्य तुटकं होतं, काळ चुकला असेल, पण स्पॅनिशमधलं ते माझं पहिलं न घाबरता बोललेलं वाक्य. म्हटलं, माझ्या घरी लाव्हा वाहत होता. दख्खनचा काळा खडक त्याच काळातला. आजही तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर पसरलेला आहे, आणि वाईचा कृष्णेचा घाट त्याचाच बांधलेला.

आमच्या डोंगरांचे थर अजून जवळजवळ आडवे आहेत. तुम्ही सह्याद्रीतला एखादा घाट चढाल तेव्हा सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवा आणि कापलेल्या कड्यात दोन काळ्या थरांमधला लालसर पट्टा शोधा. एक लाव्हा थंड झाल्यावर, दुसरा येईपर्यंत तयार झालेली ती माती आहे.