गुपित आणि मौन

हिंगोली जिल्ह्यात १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या ध्वजवंदनास आम्ही उभे राहतो, तेव्हा त्या इतिहासाची झाकलेली बाजूही आठवते.

१९४८ साली हिंगोली हा निजामाच्या राज्यातील परभणी जिल्ह्याचा तालुका होता. खेड्यापाड्यांत रझाकारांची दहशत होती. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या अंधारात निजामासाठी विमानाने चोरटी शस्त्रे आणीत होता. इकडे भारतीय लष्कराच्या मोहिमेला 'ऑपरेशन पोलो' असे सांकेतिक नाव मिळाले. १३ सप्टेंबरला फौजा शिरल्या आणि पाचव्या दिवशी निजामाने शरणागती पत्करली. असे बेत गुप्तच राखावे लागतात. त्यांवर जवानांचे प्राण अवलंबून असतात.

दुसरे गुपित मात्र निराळे. रझाकारांच्या अत्याचारांचा सूड पुढे निरपराध मुसलमानांवर उगविला गेला. पंडित नेहरूंनी धाडलेल्या सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही.

आम्हां धर्मगुरूंना गुप्ततेचे मोल ठाऊक आहे. प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेले आम्ही प्राण गेला तरी उघड करीत नाही. परंतु तेथेही क्षमेपूर्वी पाप स्वमुखाने उच्चारावे लागते. उद्याच्या मोहिमेचे गुपित जवानाला वाचविते. काल मेलेल्यांविषयीचे मौन कोणाला वाचविते?

म्हणून त्या दिवशी हुतात्म्यांबरोबरच या अनाम मृतांसाठीही आम्ही प्रार्थना करतो.