स्लीपरच्या तळाची अक्षरं

परवा नातीने बारशाची पत्रिका मोबाईलवरच बनवली. नावाची अक्षरं कशी, तर जाडजूड, गोलमटोल, आतली भोकं बुजून नुसती रेघ उरलेली. "आजोबा, या फॉन्टचं नावच मोदक आहे!" मुंबईच्या 'एक टाइप'च्या सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी केलेली ही अक्षरं २०१५ पासून गुगल फॉन्ट्सवर कुणालाही फुकट मिळतात म्हणे. मग तिने त्यांच्यावर पांढरे ठिपके उमटवले. का? तर "हाताने छापल्यासारखं दिसतं"!

मला हसू आलं. आमच्याकडे दुसरा उपायच नव्हता.

१९८४ ची गोष्ट. मोताळ्यात शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मांजरपाटावर 'स्वागत' लिहायचं होतं. पेंटरला द्यायला पैसे नव्हते. म्हटलं, जुन्या रबरी स्लीपरच्या तळाचे ठसे कापू. ब्लेडने रबर कापताना बारीक रेघ टिकत नाही, टोकदार कोपरा फाटतो. त्यामुळे अक्षरं आपोआप जाड आणि गोल झाली. काव आणि डिंकाचा रंग कुठे लागला, कुठे नाही. वर कापडाची वीण उमटली, शिरोरेषा जागोजागी तुटली. झाला की खडबडीतपणा!

पण खरी गंमत पुढेच आहे. ठसा उलटा कापावा लागतो. हुशार पोरांनी सुलटी अक्षरं कापली आणि कापडावर सगळं उलटं उमटलं! तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा पुढे आला. काही न गिरवता त्याने सरळ उलटा 'ग' कापला, मग 'त'. ठसा मारला. अगदी बरोबर.

"जमलं का, सर?"

मंडळी, हा तोच मुलगा, ज्याच्या वहीत अक्षरं उलटी पडायची म्हणून मी हातावर छड्या मारल्या होत्या. मला वाटायचं, मुद्दाम करतो. त्या दिवशी शाबासकी दिली, पण पुढच्या सोमवारी श्रुतलेखनाला पुन्हा छडी! दोन गोष्टींचा संबंध माझ्या डोक्यात आलाच नाही. सातवीनंतर त्याने शाळा सोडली.

२००७ साली 'तारे जमीं पर' पाहिला, तेव्हा कळलं. डिस्लेक्सिया हा शब्दही मी तोवर ऐकला नव्हता. घरचे सगळे शेवटाला रडत होते. मी मध्यंतराआधीच उठून बाहेर गेलो होतो.

शिक्षक म्हणून माझ्या हातून बरंच चांगलंही झालं असेल. पण हिशेब मांडायला बसलं की तो उलटा 'ग' आधी आठवतो. अक्षर चुकलेलं नव्हतं, बघणारा चुकला होता.

असो. नातीला म्हटलं, "पत्रिका छान झालीय." बाकीचं तिला सांगितलं नाही. इथे लिहिलं.