जेनोआ : खतावणी आणि फारिनाता

इटलीला जाणारा मराठी प्रवासी बहुधा रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस या तीन नगरांवर समाधान मानतो. वायव्य किनाऱ्यावरील जेनोआ हे बंदर सहलींच्या कार्यक्रमात क्वचितच आढळते. पाठीशी डोंगर, समोर समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत दाटीने उभी असलेली उंच घरे, असे या शहराचे रूप आहे. जुन्या भागातील बोळांना तेथे ‘कारुज्जी’ म्हणतात. त्यांतील कित्येक इतके अरुंद आहेत की समोरून कोणी आले तर अंग चोरूनच पुढे जावे लागते. तेथे मोटारीचा उपयोग नाही. हे शहर पाहायचे ते पायीच.

प्रिन्चिपे रेल्वेस्थानकासमोर या नगरीचा पुत्र कोलंबस याचा पुतळा आहे. तेथून व्हिया बाल्बी या मार्गाने निघाल्यास थोड्याच वेळात व्हिया गारिबाल्डी हा प्रासादांचा रस्ता लागतो. सोळाव्या शतकात येथील धनिक घराण्यांनी तो आखून बांधून घेतला. जेनोआ प्रजासत्ताकाला स्वतःचा राजवाडा नव्हता. त्यामुळे परदेशी राजे आणि राजदूत आले की त्यांच्या निवासाची जबाबदारी खासगी प्रासादांवर सोपवली जाई. १५७६ मध्ये शासनाने अशा घरांच्या अधिकृत याद्या केल्या. त्यांना ‘रोल्ली’ म्हणत. पाहुण्याच्या दर्जानुसार घराची श्रेणी ठरे आणि यजमानाची निवड चिठ्ठ्या टाकून होई. आतिथ्याचीही अशी शिस्तबद्ध नोंद ठेवणारे नगर विरळाच! यांतील ४२ प्रासाद २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

या रस्त्यावरून बंदराच्या दिशेने उतरू लागले की प्रकाश एकदम कमी होतो आणि कारुज्जींचे जाळे सुरू होते. सोझिल्या भागात साखरेत मुरवलेल्या फळांचे जुने दुकान आहे; रोमानेंगो घराण्याचा हा व्यवसाय १७८० पासूनचा. संत्र्याची साल, नासपाती, अंजीर यांचे पाकात मुरलेले तुकडे पाहून आपल्याकडील मोरावळ्याची आठवण होते. पुढे पियात्सा बांकी हा चौक लागतो. येथे सराफ आपली बाके मांडून नाणी बदलून देत. अशा बाकांना इटालियनमध्ये ‘बांको’ म्हणतात आणि ‘बँक’ हा शब्द त्यावरूनच आला. चौकातील सान पिएत्रो चर्च तर चक्क दुकानांच्या माथ्यावर उभे आहे. खालचे गाळे विकून त्याच्या बांधकामाचा खर्च भागवला गेला.

पाण्याजवळ सान जॉर्जो प्रासाद दिसतो. १२६० मध्ये बांधलेल्या या वास्तूत पुढे बांको दि सान जॉर्जो ही संस्था आली. शासनाला कर्ज देणाऱ्या धनकोंनी १४०७ मध्ये तिची स्थापना केली, आणि नगराचे अनेक कर वसूल करण्याचा अधिकार तिच्याकडे आला. १५०२ मध्ये कोलंबसाने याच संस्थेला पत्र लिहून आपल्या उत्पन्नाचा दहावा भाग देऊ केला. तो धान्य, मद्य आणि इतर खाद्यवस्तूंवरील कर हलका करण्यासाठी वापरावा, अशी त्याची इच्छा होती. सामान्य माणसाच्या ताटावरील भार त्याला दूरदेशीही विसरता आला नाही.

जेनोआच्या शासकीय खजिनदारांची १३४० ची खतावणी आजही जतन केलेली आहे. दुहेरी नोंद पद्धतीचा तो सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी एक आहे. तीत मिऱ्यांचे स्वतंत्र खाते आहे. नावे एका बाजूस, जमा दुसऱ्या बाजूस आणि व्यवहारात आलेला तोटाही लपवलेला नाही.

प्रासादाजवळच सोत्तोरीपा ही कमानींखालची जुनी बाजारपेठ आहे. तळलेल्या मासळीचा वास येथे सर्वत्र असतो, हे शाकाहारी कुटुंबाने आधीच जाणून असावे. मात्र याच परिसरात, लाकडाच्या भट्टीपुढे, जेनोआचा सर्वांत साधा पदार्थ मिळतो. त्याचे नाव फारिनाता. हरभऱ्याचे पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, एवढेच त्यातील घटक. पीठ काही तास भिजवून, वरचा फेस काढून, कल्हई केलेल्या मोठ्या तांब्याच्या परातीत पातळ ओततात आणि तीव्र आचेवर भाजतात. वरून मिरपूड. कडा कुरकुरीत, आत मऊ. मराठी जिभेला ते बेसनाच्या धिरड्याचे इटालियन भावंडच वाटते. १२८४ मध्ये पिसावर विजय मिळवून परतताना वादळात पीठ आणि तेल खाऱ्या पाण्यात मिसळले आणि उन्हात वाळून हा पदार्थ जन्मला, अशी दंतकथा आहे. त्याच पिठाची शिजवून थापलेली ‘पानिस्सा’ पाहिली की पाटवडी आठवल्यावाचून राहत नाही.

याउलट जेनोआचे जगप्रसिद्ध पेस्तो दिसायला निव्वळ हिरवे, पण त्यात तुळशीच्या जातीतील बेसिलबरोबर लसूण असतो. त्यातील चीज वासराच्या किंवा कोकराच्या जठरातून मिळणाऱ्या रेनेटने बनवलेले असते. पेस्तोच्या पास्त्यात बहुधा बटाटाही घालतात. म्हणून काही शब्द पाठ असावेत : ‘सेन्झा आल्यो’ म्हणजे लसणाविना, ‘सेन्झा चिपोल्ला’ म्हणजे कांद्याविना, ‘सेन्झा फोर्माज्जो’ म्हणजे चीजविना. फारिनाताही साधीच मागावी. काही ठिकाणी तिच्यावर कांदा किंवा बारीक मासे घालतात.

सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांनी ऋतूचा विचार करावा. जूनअखेर सूर्य रात्री नऊनंतर मावळतो आणि सायंकाळी साडेसातच्या सुमारास उघडणाऱ्या भोजनालयांत निवांत जेवता येते. डिसेंबरात पाचच्या आतच अंधार पडतो. तेव्हा दुपारचे जेवण भरपेट घ्यावे आणि फळे जवळ ठेवावीत.

प्रिन्चिपेपासून बंदरापर्यंतची ही वाट जेमतेम दोन किलोमीटरची आहे. तिच्या एका टोकाला राजांचे आतिथ्य करणारे प्रासाद, तर दुसऱ्या टोकाला खलाशी आणि हमालांची भूक भागवणारी भट्टी. आहाराचे नियम पाळणाऱ्या पाहुण्याचे खरे आतिथ्य मात्र प्रासादांच्या झगमगाटापेक्षा ही भट्टीच अधिक करते. मिऱ्यांचा तोटाही प्रामाणिकपणे लिहून ठेवणाऱ्या या नगरात पदार्थातील घटक विचारण्याचा संकोच कोणी बाळगू नये.