आडवारचं माथेरान

रविवार, ५ एप्रिल
पंखा पाचवर आहे तरी हवा हलत नाही. दुपारी खाडीकडून जो वारा येतो, तो नुसता अंगाला चिकटतो. लेकीची दहावी संपली. यांच्या कंपनीने उरलेल्या रजा संपवायला सांगितल्यात. जेवताना विषय निघाला, दोन रात्री कुठेतरी थंड हवेच्या ठिकाणी जाऊन येऊ. अट एकच आणि ती माझी: परत आल्यावर आराम करायला आणखी एक रजा टाकावी लागता कामा नये.

लेक म्हणाली, महाबळेश्वर. साडेतेराशे मीटरच्या वरचं गाव, गारवा खराच. पण जायचा अख्खा दिवस एसटीत, यायचाही तसाच. लोणावळ्याचं नाव कोणी काढलंच नाही. घाटातल्या ट्रॅफिकचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात येतात, तेवढे पुरेत. आई मात्र ठाम. "आंबोलीचो गारवो तुमका आणि खंय गावतलो?" वर मुद्दा असा की सावंतवाडीची गाडी आपल्या दिव्यातूनच सुटते, मग अडलंय कुठे?

मंगळवार, ७ एप्रिल
आईंचा मुद्दा कागदावर बिनतोड आहे. दिवा-सावंतवाडी पॅसेंजर इथूनच सुटते, त्यामुळे पहाटे फलाटावर उभं राहिलं तर बसायला जागाही मिळते. पण ती सकाळी निघून संध्याकाळी पोचवते, पुढे घाटाने तीसेक किलोमीटर. आंबोली मुळात पावसाची. राज्यात सर्वांत जास्त पाऊस पडणाऱ्या ठिकाणांत तिचं नाव घेतात. एप्रिलमध्ये तिथे धबधब्याच्या जागी कोरडा कडा बघायचा. आणि खरी अडचण वेगळीच: सावंतवाडीला उतरून कोणाकडेही चहा न घेता थेट आंबोली गाठणं आमच्या घरात अशक्य आहे. दोन रात्री नातेवाइकांतच जातील. हे आईंना सांगितलं तर त्या हसल्या, म्हणजे पटलं.

उरलं माथेरान. नेरळ आपल्याच लाइनवर. उंची सुमारे आठशे मीटर. हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे इथे पस्तीस असेल तर तिथे तीसच्या आसपास. स्वेटर लागणार नाही, पण झाडीतून चालताना घामाच्या धारा लागणार नाहीत आणि रात्री पंख्याशिवाय झोप येईल. आम्हाला एवढंच हवंय.

गुरुवार, ९ एप्रिल
ऑफिसातून येताना मुंब्र्यापर्यंत उभी, मग कशीबशी टेकायला जागा मिळाली. घरी येऊन माथेरानचं थोडं वाचलं. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट डोंगराच्या पायथ्याशी चौक गावात मुक्कामाला होता. उन्हाळ्याने जीव नकोसा झालेला असणार. तो डोंगर चढून गेला आणि त्याला वरची हवा आवडली. म्हणजे पहिला पर्यटक आमच्याच जिल्ह्याचा साहेब. माथेरान तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, रायगडात नंतर गेलं. पुस्तकांत लिहितात की त्याने माथेरान 'शोधलं'. ठाकूर, कातकरी आणि धनगर त्या रानात पिढ्यान् पिढ्या वावरत होते, ते काय हरवलेले होते? १८५५ मध्ये गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन तिथे गेला आणि मग साहेबलोकांचे बंगले उठायला लागले.

ठाण्यापर्यंत रेल्वे आली १८५३ मध्ये, कल्याणपर्यंत १८५४ मध्ये, मग पुढे नेरळकडे. रूळ घाटाच्या पायथ्याला लागले नसते, तर माथेरान आजही जंगलच राहिलं असतं. तसं राहिलं असतं तर बरं झालं असतं का, हा प्रश्न दोन रात्रींचं बुकिंग करणाऱ्या बाईने विचारू नये.

रविवार, १२ एप्रिल
यांनी यादी केली. पॅनोरमा पॉइंटचा सूर्योदय, मग इको, लुईझा, शार्लोट लेक, अलेक्झांडर, गार्बट, वन ट्री हिल, संध्याकाळी पॉर्क्युपाइनचा सूर्यास्त. प्रत्येकापुढे वेळ लिहिलेली, मध्ये नाश्त्याला वीस मिनिटं. माणूस कंपनीत प्रॉडक्शन प्लॅनिंगला आहे, हाताची सवय जाणार कशी! माथेरानात तीसहून जास्त पॉइंट आहेत आणि खरं सांगायचं तर बऱ्याच ठिकाणांहून तीच दरी थोड्या वेगळ्या बाजूने दिसते. मी पेन घेतलं आणि शार्लोट लेक ठेवून बाकी सगळ्यांवर काट मारली. शार्लोटच का? वाट झाडीतून जाते, आईंना जमेल, आणि काठाला पिसरनाथाचं मंदिर आहे. आईंना देव, मला सावली. हे जरा रुसले. पहाटे एकट्याने पॅनोरमाला जायची परवानगी दिली, आम्हाला न उठवण्याच्या अटीवर.

मंगळवार, १४ एप्रिल
आज सुट्टी, गाड्यांचं बघितलं. कर्जतच्या सगळ्या लोकल दिव्याला थांबत नाहीत, म्हणून आधी कल्याण आणि तिथून कर्जत लोकल. सकाळी सारं जग मुंबईकडे लोंबकळत असताना आपण उलट दिशेला बसून जायचं, सहलीची पहिली चैन हीच. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर गेलं की वांगणीपासून खिडकीत डोंगर यायला लागतो.

नेरळहून वर जायला मिनी ट्रेन. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ मध्ये काम सुरू केलं आणि १९०७ मध्ये गाडी धावली. वडील सर आदमजी यांनी घातलेले सोळा लाख रुपये लागले. दोन फूट रुंदीचे रूळ, वाटेत जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही ठेसनं आणि 'वन किस' नावाचा एकुलता एक बोगदा. एकवीसेक किलोमीटरला अडीच तासांच्या आसपास लागतात. हे म्हणाले, टॅक्सी अर्ध्या तासात नेते. म्हटलं, मग वेळ वाचवून करणार काय, पॉइंट? २००५ च्या २६ जुलैच्या पावसात हा मार्ग वाहून गेला होता, पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडलं. त्यानंतरही तो बंद पडला आणि पुन्हा उभा केला गेला. पावसाळ्यात तर नेरळ ते अमन लॉज गाडी बंदच असते. म्हणून एप्रिलमध्येच बसून घ्यायचं. जागा थोड्या, तेव्हा नेरळच्या खिडकीशी लवकर उभं राहायचं. नाही मिळालं तर टॅक्सीने दस्तुरी नाका.

दस्तुरीच्या पुढे मोटारगाडी जात नाही. इथे दिव्यात रेल्वेच्या फाटकाशी दहा मिनिटं हॉर्न ऐकत उभं राहणाऱ्या दिवेकराला ह्याची किंमत सांगायला नको.

गुरुवार, १६ एप्रिल
आज रेल्वेचा वाढदिवस, बोरीबंदर ते ठाणे, १८५३. माझी गाडी पंचवीस मिनिटं उशिरा.

आईंच्या गुडघ्यांचा प्रश्न राहिला होता. नेरळहून गाडी मिळाली तर ती थेट बाजारातल्या स्टेशनात सोडते. टॅक्सीने गेलो तर दस्तुरीजवळच्या अमन लॉजहून शटल आहे, अडीच किलोमीटरच्या वर थोडं. तीही चुकली तर ई-रिक्षा. शेजारच्या काकू म्हणाल्या, पूर्वी आम्ही हातरिक्षात बसून गेलो होतो. आई तडकल्या, "माणसान माणसाक ओढूचा आणि आपण वर बसूचा? मी चलत जायन." २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही जवळपास हेच सांगितलं: ह्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचं पोट सांभाळा. आईंना हे वाचून दाखवलं. "मगे कोर्टाक इतकी वर्सा कित्याक लागली?" उत्तर माझ्याकडे नव्हतं.

शनिवार, १८ एप्रिल
लॉजला फोन. "शनिवार-रविवार का?" पलीकडून पहिला प्रश्न. सोमवार म्हटल्यावर आवाज एकदम मऊ झाला. भाव बराच उतरला, खोली व्हरांड्याची, दोन वेळचं जेवण धरून. चहा सकाळी सहाला लागतो की आठला, विचारलं त्याने. मी नऊ सांगितलं. तो गप्पच झाला. १ मे शुक्रवारी आल्याने तो आठवडा नको. २७ ला जायचं, २९ ला यायचं.

यांनी मागून ओरडून विचारलं, "पाणी असतं ना?" दिव्याचा माणूस दुसरं काय विचारणार. पाणी आहे, पण ते सगळं तिथलं नाही. बरंचसं नेरळजवळ उल्हास नदीतून उपसून वर चढवतात. तीच उल्हास पुढे कल्याणवरून खाली आपल्या खाडीकडे येते. एका नदीचं पाणी आठशे मीटर वर ढकलायचं आणि तिथे आपण शॉवरखाली वीस मिनिटं उभं राहायचं, हे बरं दिसत नाही. लेकीला बजावलं, बादली.

मंगळवार, २१ एप्रिल
लेकीने स्वतःहून शोधून काढलं: भाई कोतवाल माथेरानचे. जन्म तिथलाच, १९१२ चा, घर नाभिकाचं, शिकून वकील झाले. १९४२ मध्ये आझाद दस्ता उभारून मुंबईकडे जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हिराजी पाटलांसह पोलिसांच्या गोळीला बळी पडले. सिद्धगड मुरबाड तालुक्यात, आपल्याच जिल्ह्यात. ती म्हणाली, पुस्तकात चार ओळी आहेत आणि माथेरानच्या जाहिरातींत एकही नाही. तिथे त्यांच्याविषयी कोणा जुन्या माणसाला विचारणार आहे. यादीत हे घातलं. पॉइंटपेक्षा बरं.

शुक्रवार, २४ एप्रिल
बॅग एकच. सपाट तळाची, लाल मातीने खराब झाली तरी चालतील अशी पायताणं. आईंची काठी, गुडघ्याचं तेल, टॉर्च. खाऊ बंद डब्यात, उघड्या पिशवीत काही नाही; तिथली माकडं हातातून ओढून नेतात. स्टीलच्या बाटल्या. चिक्की येताना घ्यायची, जाताना ओझं नको. यांनी लपवून ठेवलेला पॉइंटांचा नकाशा मी पाहिला आणि पाहिलं नाही असं केलं.

खर्चाचा हिशेब मांडला: चौघांची लोकल, मिनी ट्रेन, नगरपरिषदेचा प्रवासी कर, खोली-जेवण, चिक्की. महाबळेश्वरच्या अंदाजाच्या निम्माही होत नाही. ठाण्या-डोंबिवलीच्या माणसाने दोन दिवसांच्या गारव्यासाठी लांब जायची गरज नाही. फक्त शनिवार-रविवार सोडा, आणि यादी घरी ठेवून जा.