सूत, खण, चूक

टेंभुर्णीच्या गावठाणातलं आमचं घर पाच खणांचं. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. सोयरीक घेऊन आलेला माणूस पूर्वी घर किती चौरस फुटांचं, असं विचारत नसे. किती खणी, एवढंच विचारी आणि ऐपतीचा अंदाज बांधून चहा पिई. 'पाच खणी' हे उत्तर मधलं होतं. मुलगी उपाशी राहणार नाही, माडीवरही झोपणार नाही.

हमरस्त्याकडचं टेंभुर्णी आता वेगळंच आहे. पुणे-सोलापूर रस्ता, त्याला फुटलेल्या पंढरपूरच्या आणि कुर्डुवाडीच्या वाटा, औद्योगिक वसाहत, हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची रांग, आणि रात्रभर जागे असलेले ढाबे. शाळेत मी पोरांना एकदा धाब्याचं घर म्हणजे काय, असं विचारलं, तर एकाने उठून "दाल तडका मिळतो ते" म्हणून सांगितलं. त्याचं चुकलं म्हणता येईना. दगडमातीच्या दोन-दोन फूट रुंद भिंती, आत कडुनिंबाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर किलचन, त्यावर पाला नि चिखल, आणि सगळ्यांच्या डोक्यावर पांढरी माती, असं सपाट माळवदाचं घर त्याने पाहिलंच कुठे होतं?

आमच्या पाचांतले मागचे दोन खण गळायला लागले. आईने आधी पातेली मांडली, मग बादल्या, मग कॉट सरकवली. कॉट सरकवायला जागा उरली नाही तेव्हा मला फोन केला. एका ठेकेदाराला बोलावलं. त्याने अर्धा तास घर पाहिलं, सगळं पाडून स्लॅब टाकायचा आकडा कागदावर लिहिला आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी तो मोठ्याने वाचला नाही. आई शेजारीच बसली होती. माझ्याजवळ ऐंशी हजार होते आणि ते त्या आकड्याच्या पायरीपर्यंतही पोहोचत नव्हते.

मग गल्लीतल्या मिस्त्रींना विचारलं. मिस्त्री सुतार, वय सत्तरीच्या पुढे, हात अजून स्थिर. ते आत आले, बाहीने तुळईवरची धूळ पुसली, नख रोवून पाहिलं आणि म्हणाले, "लाकूड जित्तं हाय. माती मेलीय. माती उतरवा, पत्रा टाका. निघालेलं लाकूड इकू नका."

"त्याचं काय करू?"

"तुमी मास्तर ना? टेबल करा. मी दावतो."

माती उतरवायला चार दिवस लागले. आमच्याकडे शेताला काळी म्हणतात आणि वस्तीला पांढरी. हे नुसते मातीचे रंग नव्हेत. माणसं पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहिली, चुली पेटल्या, भिंती खचल्या, पुन्हा उठल्या, की राखेने आणि चुन्याने तिथली माती फिकट होते. हीच पांढरी माळवदावर टाकायची, कारण काळीसारखी ती भेगाळत नाही आणि दाबून बसली की पाणी बाहेर ढकलते. गढीच्या नाहीतर पडक्या वाड्याच्या जागेवरून तिच्या पाट्या भरून आणायच्या. म्हणजे आमच्या घराने डोक्यावर घेतलं होतं ते आधीच्या घरांचंच पीठ. पाटीपाटीने ती खाली येत होती तेव्हा तिच्यातून खापराचे तुकडे निघाले, एक हिरवी काचेची बांगडी निघाली, कसलंसं हाड निघालं. आईने बांगडीचा तुकडा धुऊन देवळीत ठेवला. कुणाची, हे विचारायला कुणी उरलं नव्हतं.

मृगाआधी दरवर्षी माळवदावर नवी माती चढवायची रीत होती. माझे आजोबा चढवत, मग वडील चढवू लागले. जुनी काढायची कुणाला आठवण होत नसे. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट जाडीचा मातीचा ठोकळा पन्नास किलोच्या घरात जातो. शंभर चौरस फुटांच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे पाच टन. घराची काळजी घेता घेता आम्ही घराच्या उरावर भरलेली ट्रॉली उभी करत होतो.

हे सगळ्यांना कळलं ते 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती, भूकंप झाला आणि किल्लारी-सास्तूरकडची गावं मातीखाली गेली. तिथलीही घरं अशीच, जाड माळवदांची. भिंत आतून एक नि बाहेरून एक अशा दोन पदरांची, मधे चिखल आणि दगडगोटे, पण दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार लांब दगड नाही. हादरा बसला तसे पदर सुटले. कित्येक घरांत खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंतींनी माणसं नेली. त्या दिवाळीत वडिलांनी पुढच्या तीन खणांवरची निम्मी माती उतरवली. मागचे दोन खण पुढच्या वर्षी करू म्हणाले. पुढचं वर्ष माझ्या वाट्याला आलं.

माती गेली, किलचन निघालं आणि तुळया खाली आल्या. धुराने काळ्या, हाताला रांगोळीसारख्या बारीक धुळीच्या. त्यांतल्या एकीच्या मधोमध चांगली बोटभर खोल, चौकोनी खाच होती. खाचेत काही बसत नव्हतं. आमच्या घरात त्या खाचेला कामच नव्हतं.

"ही दुसऱ्या घरची हाय," मिस्त्री म्हणाले. "हितं येण्याआदी हिच्यात कुणाचं तरी कुसू बसलेलं."

कुसू म्हणजे लाकडाच्या टोकाला कोरलेली जीभ. ती दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसते आणि खिळा न मारता दोन लाकडं एक होतात. आईला आठवलं. सासऱ्यांनी मागचे दोन खण वाढवले ते उजनी धरणाचं पाणी चढायच्या आधी. भीमाकाठची गावं उठत होती तेव्हा माणसांनी घरं उलगडली. दारं, चौकटी, खांब, तुळया बैलगाड्यांत घातल्या, जिथे जागा मिळाली तिथे नेल्या. ज्यांना गाडीभाडंही परवडत नव्हतं त्यांनी वाटेत लाकूड विकलं. 1980 साली धरण पूर्ण झालं. उन्हाळ्यात त्याच्या जलाशयाचं, यशवंतसागराचं, पाणी ओसरतं तेव्हा पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, लोक बघायला जातात, फोटो काढतात. घरं मात्र उघडी पडत नाहीत. त्यांचं लाकूड तिथे नाहीच. ते आमच्यासारख्यांच्या डोक्यावर आहे.

तुळया चिरायला वखारीत नेल्या तर मशीनवाल्याने हात वर केले. जुन्या लाकडात खिळे असतात, पातं तुटतं, ते कोण भरून देणार? मिस्त्रींनी युक्ती सांगितली. बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधलं चुंबक काढायचं, दोऱ्याला बांधायचं आणि लाकडावरून हळूहळू फिरवायचं. जिथे चुंबक अडखळेल तिथे खडूने खूण. दोन संध्याकाळी मी हाच उद्योग केला. पाळण्याचे खिळे निघाले, कंदिलाचा आकडा निघाला, तोरणासाठी मारलेल्या बारीक चुका निघाल्या. सुतारकामात बारीक खिळ्याला चूकच म्हणतात. दुकानात जाऊन "पाव किलो चुका द्या" म्हणताना मला आजही हसू येतं. विकत घ्यायच्या त्या वजनावर मिळतात, आपल्या आपल्या घडतात त्या फुकट.

मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी टेप माझ्या हातातून काढून घेतली. "इंच मोठा आसतो मास्तर. सूत बगा." इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत. सुतार हा शब्दही सूत्रधारातूनच घरंगळत आला, असं सांगतात. गेरूत बुडवलेला दोरा दोघांनी ताणून धरायचा, मधे चिमटीत उचलायचा आणि सोडायचा. लाकडावर लाल रेघ उमटते ती कुठल्याही पट्टीपेक्षा सरळ. माणसांचं सूत जुळतं, स्वर्ग सुतावरून गाठतात आणि शहाणं पोर सुतासारखं सरळ असतं. एवढ्या भाषेचा भार त्या गेरूच्या दोऱ्यावर आहे, हे वर्गात व्याकरण शिकवताना कधी लक्षात आलं नव्हतं.

रंधा मारायला मात्र मला आठवडा लागला. जोर खांद्यातून यावा लागतो आणि मी तो मनगटातून काढत होतो. लाकडाच्या धारेविरुद्ध गेलं की रंधा उड्या मारतो. धारेने गेलं की काळ्या सालीखालून तांबूस लाकूड उघडं पडतं, कुरळे छिलके पायाशी साचतात आणि कडू वास उठतो. पन्नास वर्षं धूर खाल्लेला कडुनिंब आतून अजून कडूच होता. म्हणूनच वाळवीने त्याला तोंड लावलं नव्हतं.

आईसाठी कॉट हवी होती. ती औद्योगिक वसाहतीतून भंगारात आलेल्या पॅलेटच्या फळ्यांची केली. परदेशातून यंत्रांबरोबर येणारं ते फिकट पाइन. त्यावर छाप बघून घ्यायचा. 'एचटी' असेल तर लाकूड तापवून निर्जंतुक केलेलं, ते घरात चालतं. 'एमबी' असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची विषारी धुरी दिलेली, ते घरात आणायचं नाही. कुठल्या थंड मुलखातलं झाड माढा तालुक्यात आईच्या गादीखाली आलं. आई म्हणाली, "हलकं हाय. झाडताना वडायला बरं."

टेबलाचे पाय मी गुण्या लावून काटकोनात केले. चारही पाय सुताला सूत सारखे. मागच्या खणात नेऊन ठेवलं तर टेबल लंगडू लागलं. शहाबादी फरशी एका कोपऱ्यात अर्ध्या इंचाने खचलेली, भिंत वर जाता जाता मागे झुकलेली. मी पाय कापायला करवत उचलली तसे मिस्त्री हसले.

"आवं, घरच गुण्यात न्हाई. टेबल एकट्यानं गुण्यात ऱ्हाऊन काय करील?"

त्यांनी टेबल भिंतीशी लावलं, प्रत्येक पायाजवळ फरशीला टेकवून पेन्सिलीचं टोक फिरवलं आणि त्या वाकड्या रेघेवर तीन पाय कापायला लावले. आता ते टेबल फक्त त्याच कोपऱ्यात उभं राहतं. दुकानातलं फर्निचर कुठेही ठेवा, चालतं. आमचं हललं की डुलतं.

पण मुख्य घोटाळा त्याआधीच होऊन गेला होता. उजनीच्या खाचेचा तुकडा टेबलाच्या एका पायात आला होता. ती खाच आतल्या अंगाला जात होती. मला वाटलं, एवढी गोष्ट असलेली खाच, ती दिसायला हवी. म्हणून मी पाय फिरवला. आडव्या पट्टीचं कुसू बसवायच्या खुणा मी आधीच करून ठेवल्या होत्या, त्याही पायाबरोबर फिरल्या. पटाशी घेऊन मी तासभर मन लावून खाच पाडली. दोन इंच लांब, पाच सूत रुंद, इंचभर खोल, कडा स्वच्छ. आयुष्यातली माझी सर्वांत चांगली खाच आणि ती पायाच्या बाहेरच्या अंगावर.

मिस्त्रींनी बोटाने ती चाचपली. "काम झ्याक हाय," म्हणाले, "जागा चुकली." मग शांतपणे योग्य बाजूला खूण करून दिली.

टेबलाला एक खण केला. लाकडी खोका, आत-बाहेर सरकणारा. घराचा खण, टेबलाचा खण आणि ओटीत घालायचा खण, तिन्हींना आपण एकच शब्द वापरतो. तिन्ही काहीतरी पोटात घेतात एवढंच साम्य मला सापडलं. या टेबलात तर घराच्या दोन खणांची लाकडं टेबलाच्या एका खणाभोवती गोळा झाली होती. बेलतेलाचे दोन हात दिले, लाकूड ओलं झाल्यासारखं गडद झालं. आईने कोऱ्या खणात पहिली वस्तू ठेवली ती इरकली खणाची घडी. तिच्या लग्नातली. मी काही बोललो नाही.

श्रावणात खण फुगला आणि अडकला. ओढला तर टेबल हाललं, टेबल हाललं तर डुललं. मिस्त्रींना सांगितलं. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. दसऱ्याला मोकळा हुईल." आईची घडी आत, आम्ही बाहेर, असा पावसाळा गेला. पत्र्यावर पाऊस मोठ्याने वाजायचा, पण खाली पातेलं ठेवावं लागलं नाही. ऐंशी हजारांतले अकराशे उरले होते, त्यांचं आईने बी-बियाणं आणलं.

चुकलेली खाच बुजवायची म्हणून मी कडुनिंबाचा तुकडा तासून ठेवला होता. एका संध्याकाळी वीज गेली. मी अंधारात दिवा शोधत होतो, तर आई सरळ टेबलाकडे गेली, पायाशी हात नेला आणि काडेपेटी ओढली. त्या खाचेत काडेपेटी उभी, निम्मी आत, निम्मी बाहेर, मापाने केल्यासारखी बसली होती.

"ही देवळी बरी केलीस," ती म्हणाली. "पर वरच्या भोकात कायबी ऱ्हात न्हाई. ते कशाला पाडलंस?"

वरचं भोक उजनीचं होतं. ते मी पाडलं नाही, हे तिला सांगणार होतो. पण तोवर दिवा लागला होता.