चेक राष्ट्र आणि दोन बनावट हस्तलिखितं

राष्ट्र आधी असतं आणि इतिहास मागाहून लिहिला जातो, असं आपण धरून चालतो. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात अनेकदा याच्या उलट घडलं. बोहेमियातली हकिगत त्यातली सर्वांत रंजक.

१८००च्या सुमारास प्राग हाब्सबुर्ग साम्राज्यात होतं. कचेऱ्या, विद्यापीठ, सुखवस्तू घरांतल्या बैठका, सगळीकडे जर्मनचा रुबाब. चेक बोलायचे ते मुख्यतः शेतकरी, कारागीर, नोकरचाकर. योसेफ दोब्रोव्स्की हा चेक भाषेचा मोठा अभ्यासक, पण त्यानंही चेक वाङ्मयाचा इतिहास लिहिला तो जर्मनमध्येच. ही भाषा पुन्हा विद्वानांच्या तोंडी येईल, यावर त्याचा फारसा विश्वास नव्हता.

१८१७च्या सप्टेंबरात त्याचाच शिष्य व्हाक्लाव हांका याला ड्वूर क्रालोवे गावच्या चर्चमध्ये जुनी चर्मपत्रं ‘सापडली’. तेराव्या शतकातली म्हणे, आणि त्यांत चेक वीरकाव्यं! पुढच्या वर्षी आणखी एक हस्तलिखित प्रागमध्ये निनावी येऊन थडकलं. ते तर कैक शतकं आणखी जुनं. दंतकथेतली राणी लिबुशे त्यात न्यायनिवाडा करत होती. जर्मनांच्या ‘निबेलुंग’ महाकाव्यापुढे मिरवायला चेकांकडेही आता काहीतरी आलं. यातली एक कविता खुद्द गटेनं आपल्या पद्धतीनं नव्यानं रचली. दुसरं हस्तलिखित म्हणजे निव्वळ लबाडी आहे, असं दोब्रोव्स्कीनं उघड सांगितलं. पण ऐकतो कोण? चित्रकार, शिल्पकार, कवी यांना हवा तो भूतकाळ मिळाला होता. फ्रांतिशेक पालाट्स्कीसारखा खंदा इतिहासकारही या हस्तलिखितांच्या बाजूनं उभा राहिला.

खरं काम मात्र दुसरीकडे, कष्टानं चाललं होतं. योसेफ युंगमाननं १८३४ ते १८३९ या काळात चेक-जर्मन शब्दकोशाचे पाच खंड काढले. अडलं तिथे पोलिश आणि रशियनमधून शब्द उचलले. पालाट्स्कीचा इतिहास १८३६पासून जर्मनमध्ये निघू लागला, चेकमध्ये १८४८पासून. त्याच वर्षी फ्रँकफर्टच्या अखिल जर्मन संसदेच्या पूर्वतयारीसाठी त्याला बोलावणं आलं. आपण स्लाव वंशाचे, असं कळवून त्यानं नकार दिला. गंमत अशी, की ऑस्ट्रियाचं साम्राज्य टिकलं पाहिजे, असंही त्यानं त्याच पत्रात बजावलं. स्वतंत्र राज्याची मागणी अजून दूर होती.

लोकवर्गणीच्या मोठ्या आधारानं उभं राहिलेलं प्रागचं राष्ट्रीय नाट्यगृह ११ जून १८८१ला उघडलं आणि ऑगस्टमध्ये आगीत सापडलं. लोकांनी ४७ दिवसांत दहा लाख गुल्डन जमवले. १८८३मध्ये पडदा पुन्हा वर गेला तो संगीतकार स्मेतानाच्या ‘लिबुशे’ या ऑपेरानं. तिची संहिता मुळात जर्मनमध्ये लिहिलेली होती, आणि स्मेतानाही जर्मनमध्येच शिकलेला! माझ्या लेखी या चळवळीचा खरा दस्तऐवज ही वर्गणी आहे, ती चर्मपत्रं नव्हेत.

त्यांचं बिंग १८८६मध्ये फुटलं. भाषाशास्त्रज्ञ यान गेबाउअरनं व्याकरणातल्या चुका दाखवल्या, आणि टोमाश मासारिक या प्राध्यापकानं आपल्या नियतकालिकात तो वाद धसास लावला. खोट्या पायावर राष्ट्राची इमारत नको, हा त्याचा हट्ट. वर्तमानपत्रांनी दोघांना राष्ट्रद्रोही ठरवलं. १९१८मध्ये चेकोस्लोव्हाकियाचा जन्म झाला, तेव्हा पहिला राष्ट्राध्यक्ष म्हणून निवड झाली ती याच मासारिकची.