निरंक

सरकारी नोकरीत तीस-पस्तीस वर्षे काढली की काही शब्द जिभेवर कायमचे वस्तीला येतात. माझ्याकडे असा एक शब्द आहे : निरंक. डब्यातली साखर संपली की मी आजही ‘साखर निरंक’ म्हणतो आणि बायको कपाळाला हात लावते. तक्त्यात रकाना रिकामा सोडला तर वरची कचेरी विचारते, ‘माहिती का दिली नाही?’ निरंक लिहिले की कुणी काही विचारीत नाही. असा हा सोयीचा, गुळगुळीत शब्द. त्याने एकदा माझी रात्रीची झोप उडवली, ती हकिगत आज सांगून टाकतो. फराळाच्या ताटावर बसून ऐकायला हरकत नाही. शेवट कडू नाही.

२०२० सालचा जून महिना. रायगड जिल्ह्यातल्या समुद्रकाठच्या एका तहसील कचेरीत मी अव्वल कारकून होतो. कोरोनाची धास्ती सगळीकडे होती. मुंबईहून परतलेले चाकरमानी गावोगावच्या शाळांत विलगीकरणात बसले होते. अशात अरबी समुद्रात वादळ उठल्याची खबर आली. २ जूनला त्याला नाव मिळाले : ‘निसर्ग’. हे नाव बांगलादेशाने सुचवलेले होते म्हणे. ३ जूनला दुपारी ते आमच्याच किनाऱ्यावर येणार होते.

अशा वेळी सरकार काय करते? लोकांच्या डोळ्यांपुढे नारिंगी कपड्यांतले जवान आणि रबरी होड्या येतात. तेही येतात आणि जीव धोक्यात घालून काम करतात. पण त्याआधी जे चालते, ते टेलिफोन आणि तक्ता यांचे काम. हवामान खात्याचा इशारा मंत्रालयातून कलेक्टरांकडे, कलेक्टरांकडून तहसीलदारांकडे, तिथून तलाठ्याकडे आणि शेवटी कोतवालाच्या पायांनी किनाऱ्यावरच्या कच्च्या घरापर्यंत जातो. मग त्याच वाटेने आकडे वर चढू लागतात : हलवायची माणसे किती, हलवली किती, शिल्लक किती.

हे आकडे कोरडे वाटतात, पण त्यांचे मोल मोठे. १९९९ साली ओडिशात वादळाने सुमारे १० हजार माणसे नेली. त्याच ओडिशाने २०१९ साली फनी वादळाआधी सुमारे १२ लाख लोक हलवले, आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. वाऱ्याला कुणी अडवू शकत नाही. माणसाला मात्र वेळेवर उठवून नेता येते.

३ जूनला सकाळी ११ वाजता आमचा तक्ता जिल्ह्याला जायचा होता. पावणेअकराला एका गावच्या कोतवालाचा फोन आला.

“भाऊसाहेब, त्रेचाळीसपैकी बेचाळीस आणली. एक आजी हटत नाही. गाय व्यालीय चार दिवसांमागं. म्हणते, हिला टाकून मी कशी येऊ?”

“अरे, समजाव तिला!”

“पुन्हा जातो. तुम्ही लिहून टाका. आणतोच मी.”

मी लिहून टाकले. शिल्लक : निरंक. रावसाहेबांनी विचारले, “सगळे निरंक ना?” मी म्हटले, “होय, रावसाहेब.”

दुपारी वारा सुटला. त्याचे वर्णन मी करणार नाही. श्रीवर्धन, मुरूड, दिवेआगरच्या माणसांनी आडव्या झालेल्या नारळी-पोफळींच्या बागा पाहिल्या आहेत. वीज गेली, पाठोपाठ फोन मुके झाले. कचेरीच्या छपराचे पत्रे उडाले, तेव्हा आम्ही दप्तरे टेबलाखाली ढकलीत होतो. आणि माझ्या डोळ्यांपुढे एकच रकाना होता. रात्री मेणबत्तीच्या उजेडात मी तो तक्ता चारदा काढून पाहिला. अक्षर माझेच होते, वळणदार.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोतवाल आला. रस्त्यावर झाडे पडलेली, म्हणून चालत, हातात कोयता घेऊन. मी काही विचारण्याआधीच म्हणाला, “आजी बरी आहे, भाऊसाहेब. गाय-वासरू तिच्या पुतण्याच्या स्लॅबच्या घरात नेलं, तेव्हा कुठं उठली. तोवर वारा आला. शाळा गाठणं जमेना, मग मीपण तिथंच राहिलो.”

“आणि तुझं घर?”

“छप्पर गेलं. पोरंबाळं शाळेत होती.”

म्हणजे मी निरंक लिहिले तेव्हा शिल्लक १ होती, आणि वारा सुटला तेव्हा २.

मी रावसाहेबांपुढे तक्ता ठेवला आणि सगळे सांगितले. ते रागावतील असे वाटले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, “तुम्ही १ लिहिला असतात, तर मी टेम्पो पाठवला असता. गाय, वासरू, आजी, सगळ्यांना घेऊन आला असता. तो आवारातच उभा होता.”

ते वाक्य मला अजून टोचते. मी रकाना बंद केला आणि मदतीचे दारच लावून घेतले. कचेरीच्या प्रतीवर मी तांबड्या शाईने दुरुस्ती केली : ‘शिल्लक १. कारण : गाय.’

पुढल्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले. त्या वेळी मी गावांच्या याद्यांत आणखी एक रकाना आखला : जनावरे. जनावरांची सोय आधी लागली, तशी माणसे मुकाट्याने निघाली. तरी एका गावी एक आजोबा अडून बसले. मी तक्त्यात ‘१’ लिहिला. दहा मिनिटांत वरून फोन खणखणला : “हा एक कोण? का राहिला?” इतका खेकसलेला प्रश्न मला कधी इतका गोड वाटला नव्हता. अर्ध्या तासात जीप गेली आणि आजोबांना घेऊन आली.

आता मी निवृत्त आहे. तो कोतवाल दर पाडव्याला भेटायला येतो. चकलीचा तुकडा मोडता मोडता मी विचारतो, “आजी?”

तोही आता कचेरीची भाषा शिकला आहे. हसून म्हणतो, “शिल्लक १, भाऊसाहेब. आणि गायी २.”